जिचा खेळ, तिच्या हाती हंडा

परवा टपालाने एक पत्रक आलं. 'समाजात काम करणाऱ्या कलावंतांसाठी एकवीस दिवसांची निवासी कार्यशाळा, मनोरी.' शिकवायच्या विषयांत तिसरा विषय 'थांबा-तंत्र'. खाली लिहिलंय, हे तंत्र विद्याधर सरांनी प्रदीर्घ चिंतनातून विकसित केलं. वनमाला परबचं नाव कुठेही नाही. मी पत्रक उलटं करून मागची बाजूही बघितली. तिथे बोटीच्या वेळा होत्या.

चार वर्षं झाली, तरी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणून वनमाला कोण ते लिहून ठेवते आहे. मी विद्याधर सरांच्याच संस्थेत होते. पार्ल्याच्या कचेरीत बसून पत्रं, अहवाल, स्मरणिका लिहायचं काम माझं. या प्रकरणात माझाही हात आहे आणि तोही मी लपवणार नाही.

वनमाला मूळची मालवणकडची, लग्न होऊन भांडुपच्या डोंगरावर आलेली. नवरा दशरथ गिरणीत होता. संपानंतर गिरणी गेली आणि तो मुलुंडला एका कारखान्यावर पहारेकरी म्हणून लागला. वनमाला चौथीपर्यंत शिकलेली, पस्तिशीची, काटक. बालवाडीत पोरं सांभाळायची. दुपारी एक ते तीन ती पाण्याच्या रांगेत असायची, कारण वस्तीच्या नळाला पाणी तीनला यायचं आणि एकपासून हंडे लावावे लागायचे. त्या दोन तासांत तिने खेळ सुरू केले. सुरू केले म्हणजे काय, बायका वैतागून एकमेकींशी भांडायच्या, त्यांना हसवायला ती कुणाचीतरी नक्कल करायची. रॉकेलवाल्याची, पालिकेच्या साहेबाची, सासूची. मग बायका आपापल्या घरातलं सांगायला लागल्या आणि वनमाला ते तिथेच, हंड्यांच्या मधल्या जागेत करून दाखवायला लागली. मधेच थांबून विचारायची, "आता हिना काय करूचा?" आणि पन्नास बायका पन्नास उत्तरं द्यायच्या.

या खेळाचे दोन नियम होते. कुणी बसून केले नव्हते, आपोआप पडले होते. पाणी आलं की खेळ संपला, गोष्ट कुठेही असो. आणि दुसरा, जिची गोष्ट तिने आपला हंडा हातात घेऊन समोर उभं राहायचं. तिने हंड्यावर बोटांनी टकटक केलं की वनमालाने तिथल्या तिथे थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. बाई हजर नसेल तर तिचा खेळ नाही.

सगळ्यांचा आवडता खेळ जानकी राणेचा होता. जानकी मुलुंडला नलिनीबाईंकडे सकाळी स्वयंपाकाला जायची. संपाच्या वर्षी तिच्या घरात चूल पेटायची मारामार होती, तेव्हा तिने आठ महिने त्या घरातून रोज मूठभर तांदूळ मसाल्याच्या रिकाम्या डबीतून घरी आणला. नलिनीबाई तांदळाच्या डब्यात डोकावून म्हणायच्या, हल्ली तांदूळ लवकर संपतो. जानकी म्हणायची, नवो तांदूळ आसा, भात कमी फुगता. वनमाला ते डोकावणं असं करायची की बायका हंड्यावर डोकं टेकून हसायच्या, आणि हसता हसता एखादी पदराने डोळे पुसायची. जानकीने एकदाही टकटक केलं नव्हतं.

विद्याधर सरांनी हे एकदा पाहिलं आणि वनमालाला मनोरीला बोलावलं. एकवीस दिवस. मध्ये घरी जायचं नाही अशी अट, कारण म्हणे कलावंताला रोजच्या धबडग्यातून मोकळीक हवी. समाजाशी जोडलेल्या कलावंताला तीन आठवडे समाजापासून तोडायचं आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, हे मला तेव्हाही खटकायला हवं होतं. खटकलं नाही. मी अटींचं पत्र सुवाच्य अक्षरात लिहिलं. वनमाला आली ती मात्र मनापासून शिकायला आली होती, हेही सांगते. जे चांगलं उतरतील त्यांना दोन वर्षांचं मानधन आणि पूर्णवेळ हेच काम मिळणार होतं. दशरथ म्हणाला, जा, पाणी मी भरतो. बायकांच्या रांगेत तो एकटा पुरुष उभा राहिला आणि तीन आठवडे सगळ्यांच्या थट्टेचा धनी झाला.

मनोरीला नारळाच्या झाडांखाली कौलारू बंगली होती. अहवालासाठी टिपणं घ्यायला मीही तिथे होते. सकाळी वाळूवर डोळे मिटून एकमेकांचा हात धरून चालायचं, हा 'विश्वासाचा व्यायाम'. दुपारी गोल बसून दुसऱ्याचं म्हणणं मध्ये न बोलता ऐकायचं, हा 'श्रवणाचा व्यायाम'. वनमालाने दोन दिवस मुकाट्याने केलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पद्मजाबाई, ह्या सगळा आमी रांगेत रोज करतो. फक्त डोळे उघडे ठेवून." मी हसले आणि वहीत टिपून घेतलं. तेवढंच मला येत होतं, टिपून घेणं.

दुसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, प्रत्येकाने आपल्या वस्तीतली एक खरी गोष्ट सांगा. वनमालाने जानकीची सांगितली. इथे तिची चूक झाली, आणि ती चूक रांगेत वाढलेल्या बाईचीच होती. तिच्या हिशेबी गोल करून बसलेली माणसं म्हणजे रांगच. रांगेतलं बोलणं रांगेबाहेर जात नाही, हे तिला कुणी शिकवायला लागलं नव्हतं. इथली रांग उठून मुंबईभर जाणार आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

सर उभे राहिले. "हाच आपला समारोपाचा प्रयोग," ते म्हणाले. प्रयोग मुलुंडच्या सभागृहात ठरलेलाच होता. वनमालाचा चेहरा उतरला.

"ती हंय नाय ना सर," ती म्हणाली. "ती समोर नसताना कसा करूचा?"

"अगं, ती नाही म्हणून तर तू तिचा आवाज व्हायचंस."

"तिका आवाज आसा. माझ्यापेक्षा मोठो आसा."

सगळे हसले. शेवटी वनमालाने निदान नाव आणि गाव तरी बदला म्हणून विनवलं. सर "बघू" म्हणाले, आणि वनमालाला ते "हो" वाटलं. शिवाय त्यांनी खेळाला शेवट लावून दिला. पाणी आलं म्हणून गोष्ट संपते, हे त्यांना कच्चं वाटत होतं. त्यांच्या शेवटात जानकी डबी उंच धरून प्रेक्षकांना जाब विचारत होती. खरी जानकी त्या डबीत आता जिरं ठेवते.

आता माझं. स्मरणिकेतला मजकूर मी लिहिला. मी सरांना विचारलं, नाव बदलू ना? ते म्हणाले, "खऱ्या नावात ताकद असते, पद्मजा. आणि ही माणसं कुठे स्मरणिका वाचतात?" हे शेवटचं वाक्य ऐकून मी उठून जायला हवं होतं. मी बसून लिहिलं. 'भांडुपच्या जानकी राणे यांनी संपाच्या काळात मुलुंडच्या एका सुखवस्तू घरातून रोज मूठभर तांदूळ नेऊन चार पोरं जगवली. त्यांची ही कहाणी.' लिहून झाल्यावर मला ते वाक्य चांगलं जमलंय असंही वाटलं.

प्रयोगाच्या संध्याकाळी वनमालाने पडद्यामागे स्मरणिका हातात घेतली. आपलं नाव छापून आलंय म्हणून कौतुकाने, ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. बोट एका ठिकाणी थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "बाहेर किती वाटलास?"

"सगळ्या," मी म्हटलं.

तिची घंटा झाली. ती हंडा घेऊन बाहेर गेली. तिने रॉकेलची रांग केली, उपाशी पोरं केली, सभागृह हसलं, हळहळलं. तांदळाच्या डब्यात डोकावायची वेळ आली आणि ती वाकली, तशीच राहिली. मग सरळ झाली आणि स्वतःच्या हंड्यावर बोटांनी टकटक केलं. तीनदा.

"जिचो खेळ ती हंय नाय," ती म्हणाली. "तिका कोणी विचारूक नाय. माझीच चूक आसा. खेळ थांबलो." आणि हंडा उचलून चालती झाली.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. सर पहिल्या रांगेत, डोळ्यांत पाणी. मला म्हणाले, "पाहिलंस? काय प्रभावी शेवट शोधला पोरीने!" ती बाई त्या सभागृहात एकटीच खरं बोलली होती आणि या माणसाला त्यात शेवट दिसला. चार वर्षं तो तेच शिकवतो आहे. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, हंड्यावर कितीदा वाजवायचं.

बाहेर पडताना एक बाई माझ्याकडे आल्या. हातात स्मरणिका, चेहऱ्यावर कौतुक. "अहो, ही जानकी राणे म्हणजे आमच्याकडची तर नव्हे? तिच्यावर नाटक केलंत? घरी जाऊन वाचते हं सावकाश." त्या नलिनीबाई होत्या. मी त्यांच्या हातातून ती स्मरणिका हिसकावून घ्यायला हवी होती. मी म्हटलं, "असेल, नक्की माहीत नाही."

दोन दिवसांनी जानकीचं काम सुटलं. तांदळाचं काही नाही हो, विश्वासाचा प्रश्न आहे, असं नलिनीबाई म्हणाल्या म्हणे. शेजारच्या दोन घरांनीही विश्वासाचा प्रश्न काढला. वनमालाने मानधनाचा कागद सही न करता परत पाठवला. सर म्हणाले, या लोकांना सातत्य नसतं. मी महिनाअखेर राजीनामा दिला. फार मोठं काही केलं नाही, भावाकडे राहत होते, पोटाला तोटा नव्हता.

राजीनाम्याआधी मी भांडुपला गेले. माफी मागायची होती. दुपारचे दोन वाजले होते, रांग लागलेली होती आणि खेळ चालू होता. वनमाला स्वतःचीच गोष्ट करत होती. वाळूवर डोळे मिटून चालणारी वनमाला, गोल करून बसलेली माणसं, आणि भडाभडा बोलून टाकणारी मूर्ख वनमाला. समोर जानकी हंडा धरून उभी, चेहरा दगड. ही गोष्ट तिचीही होती, ती कधीही थांबवू शकत होती. थांबवत नव्हती.

मग वनमालाने चष्मा सावरल्याची नक्कल केली, मांडीवर वही घेतली, मान तिरकी केली आणि सुरेख अक्षरात लिहायला लागली. लिहून झाल्यावर कागद लांब धरून स्वतःशीच खूश झाली. रांग हसली. ती मी होते. तंतोतंत मी होते. माझ्या मनगटाला असलेला तो हेलकावा मला स्वतःलाही माहीत नव्हता.

हसता हसता कुणाची तरी नजर माझ्यावर पडली आणि तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. वनमालाने वळून पाहिलं. माझे हात रिकामे होते.

"बाईंका हंडो द्या कोणीतरी," ती म्हणाली. "त्यांचो खेळ चललोहा."

कुणी हललं नाही. मग जानकी पुढे आली आणि तिने आपला हंडा माझ्या हातात दिला. माझ्याकडे न बघता. वनमाला थांबून राहिली. मी वाजवते का, याची ती खरोखर वाट बघत होती. थांबवायचा जो हक्क आम्ही जानकीला दिला नव्हता, तो त्यांनी मला दिला. माझी बोटं हंड्यावर होती. मी वाजवलं नाही.

वनमालाने पुढचं केलं. घंटा, सभागृह, टाळ्या. मग बाहेर उभी राहून नलिनीबाईंना "नक्की माहीत नाही" म्हणणारी मी. हे मी तिला सांगितलं नव्हतं, हंडा घेऊन निघताना दाराशी तिने ऐकलं असणार. त्या वाक्याला कुणी हसलं नाही.

तेवढ्यात नळ खरखरला आणि रांग पुढे सरकली. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मागे सरा," जानकी म्हणाली. "हंडो द्या माझो. पाणी इला."