आमच्या कॅसेटमधला ट्रम्पेट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. पण आता सुरुवात केलीय, तर अर्धवट सोडणार नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही नगरमधली चार कॉलेजची पोरं — बापाच्या पैशावर केस वाढवलेली — एक बँड चालवायचो. ब्लूज, सोल, रॉक. मी गिटार वाजवायचो आणि नाकातून इंग्रजी गायचो. अमेरिकेतल्या माणसांचं दुःख म्हणे आम्हाला फार कळायचं! लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्यांची मात्र आम्ही यथेच्छ टिंगल करायचो.

पहिली कॅसेट काढायची ठरली, तेव्हा गाण्यांत ट्रम्पेट हवा होता. तो वाजवणार कोण? वरातीत वाजवणारेच. पुणतांब्याचे सुखदेवमामा आले. डोळे मिटून त्यांनी आमचं गाणं ऐकलं आणि म्हणाले, "नवरी गेल्यावर रिकाम्या मांडवात बसल्यावानी वाटतंय, दादा." मग वाजवलं. असं वाजवलं की आमचं नकली रडगाणं एकदम खरं झालं. मला आनंद झाला असेल, नाही? छे. माझा जळफळाट झाला.

तरी प्रकाशनाला मीच त्यांना बोलावलं. तोंडदेखलं — येतील असं वाटलं नव्हतं. कार्यक्रम नगरच्या एका हॉलमध्ये, आणि शेजारच्या मंगल कार्यालयात लग्न. मामा आले ते बँडचा लाल कोट घालून, खांद्यावर सोनेरी झालर. त्यांच्यात रीतच ती — मानाच्या ठिकाणी इस्त्रीचा ड्रेस घालूनच जायचं. सोबत मामी, नव्या साडीत. मी दारातच होतो, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांशी गोड गोड बोलत. पाहुण्यांनी विचारलं, हे कोण?

इथेच थांबावंसं वाटतंय — किती भेकड माणूस आहे मी, बघा.

"शेजारच्या लग्नातला बँडवाला आहे. दार चुकलाय," मी म्हणालो. हसत म्हणालो.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय सायेब, चुकलोच," ते पाहुण्यांना म्हणाले, आणि मामींना घेऊन पायऱ्या उतरले. त्यांनी माझी लाज राखली. आणि मी? आत जाऊन माईकवर सांगितलं, ट्रम्पेट मुंबईच्या कलाकाराने वाजवलाय. टाळ्या पडल्या. त्या मी घेतल्या, मान तिरकी करून.

मग कॅसेट लावली. बाहेरच्या गोंगाटात ट्रम्पेट नीट ऐकू येईना, म्हणून मी उठून दाराशी गेलो. ते दोघं अजून खालच्या पायरीवरच उभे होते. मामींनी मामांना कोपराने हलकेच ढोसलं — हे तुमचंच ना? मामा हसले, आणि नीट ऐकू यावं म्हणून एक पायरी वर चढले.

मी दार लावून घेतलं.