मावशींना धोका कमी होता

हृदयविकार कुणाला होणार, हे आधीच ओळखता येतं का, याचा शोध घेणाऱ्या एका अभ्यासात मी काही वर्षं काम केलं. कोल्हारच्या आसपासच्या गावांत आम्ही घरोघर जायचो. रक्तदाब, साखर, कमरेचा घेर, तंबाखूची सवय, सगळं तपासून पुढं झटका येण्याचा धोका किती ते तक्त्यावर पाहायचं. धोका कमी असला की हिरवा रंग, मध्यम असला की पिवळा, जास्त असला की लाल.

प्रवरेकाठच्या एका वस्तीवर एक जोडपं राहायचं. काका साखर कारखान्यावर ट्रक चालवून निवृत्त झालेले. मावशी म्हशी आणि त्यांच्या चाऱ्यासाठी लावलेला घासाचा तुकडा सांभाळायच्या. पहिल्याच भेटीत काकांचा रंग लाल निघाला, मावशींचा हिरवा.

मावशी हसत सुटल्या. "म्या म्हनत नव्हते? ह्यांचंच इंजन खराब हाय."

पण मी जे जे सांगितलं ते त्यांनी मनावर घेतलं. तंबाखूची पुडी चुलीत गेली, लोणच्याची बरणी माळ्यावर. रोज सकाळी काकांना पुढं घालून त्या नदीपर्यंत चालायला न्यायच्या. काका कुरकुरले की म्हणायच्या, "चला, म्हशी बऱ्या चालत्यात तुमच्यापरीस." दरवर्षी आम्ही जायचो तेव्हा काकांचे आकडे उतरलेले असायचे. लालाचा पिवळा झाला त्या वर्षी मावशींनी आम्हाला खरवस खाऊ घातला. काकांच्या वाटीत मात्र चमचाभरच.

मग एका उन्हाळ्यात मावशी गेल्याचं कळलं.

अभ्यासातलं कुणी गेलं की घरी जाऊन शेवटचे दिवस कसे गेले ते विचारावं लागतं. ते काम माझ्याकडंच आलं. काका ओसरीत बसले होते. सून चहा ठेवून आत गेली.

"काका, त्यांच्या छातीत दुखत होतं का?"

"न्हाई."

"हातात कळ? दम लागायचा?"

"न्हाई. दाढ दुखती म्हनायची. घासाचं वझं उचललं की जबडा धरून बसायची. मग लवंग धरायची दाढंत. बाजारच्या दिशी कोल्हारला दातवाल्याकडं जाऊ म्हनली हुती."

ओझं उचलल्यावर दुखणारी ती दाढ नव्हती. बायकांचं हृदयाचं दुखणं कधी कधी असं आडवाटेनं येतं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. पण दाढ दुखते हे रक्तदाब मोजणाऱ्या बाईला कोण सांगतंय?

गेल्या त्या दिवशी सकाळी मावशी शेतातून आल्या त्या घामानं भिजलेल्या. ओकारी झाली. पित्त झालं म्हणाल्या, लिंबूपाणी घेतलं आणि खाटेवर पडल्या. पडल्या पडल्या काकांना त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण करून दिली.

"मी पाय चेपीत बसलो हुतो," काका म्हणाले. "मला वाटलं, डोळा लागला."

मग त्यांनी विचारलं, "तिचा रंग हिरवा हुता ना, ताई? लाल तर माझा हुता."

"काका, हिरवा म्हणजे अशा पुष्कळ बायकांमधल्या थोड्यांनाच झटका येतो. त्या थोड्या कोण, ते अजून आम्हाला सांगता येत नाही."

"पुष्कळ असत्याल तुमच्याकडं. माझ्याकडं एकच हुती."

मी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. उठायच्या वेळी काका म्हणाले, "तिचं रगत घेतलं हुतं तुमी. ते हाय का अजून?"

"आहे. गोठवून ठेवलेलं असतं. पुढं नवीन काही शोध लागला तर तपासायला."

"मग ऱ्हाऊ द्या. टाकू नका."

नगरला अभ्यासाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांचंही मत हृदयविकाराचा झटका असंच पडलं. त्यानंतर आम्ही प्रत्येक बाईला विचारू लागलो, काम करताना जबडा दुखतो का, पाठ दुखते का, मळमळतं का. काही जणींना पुढच्या तपासणीला पाठवलं. एकीच्या हृदयाला खरंच रक्त कमी पडत होतं; तिच्यावर वेळेत उपचार झाले. आनंद झाला, नाही असं नाही. पण त्या दिवशी मावशींची ती लवंग आठवत राहिली.

पुढच्या वर्षी काकांकडं गेले. ते खंगले होते. सून म्हणाली, "गोळी हातावर ठेवली तर घेत्यात. चालायला मातुर जात न्हाईत." मी दंडाला पट्टा बांधला. आकडा पुन्हा चढला होता. तो सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवली.

"मला नका सांगू. सुनंला सांगा."

मी पट्टा सोडला आणि आत जाऊन सुनेला सांगितलं.