दुसऱ्या मॉडेलची चाकं

गाडीचा कुठलाही सुटा भाग हातात आला की तो आधी एक डोळा मिटायचा आणि त्या भागाच्या भोकातून समोरच्या माणसाकडे बघायचा. गिऱ्हाईक अवघडून जायचं. मग तो भाग खाली घेऊन म्हणायचा, "बसंल."

"अरे, पण हे त्या गाडीचं नाही."

"गाडीला काय ठाव कुनाचं हाय ते? बसंल म्हनतो ना."

आणि ते बसायचं. तुमच्याही गावात असा एखादा मेकॅनिक असेल. नसेल तर तुम्ही थोडे कमी भाग्यवान, किंवा जास्त. मला आता नक्की सांगता येत नाही.

रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावात त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढे तेलानं काळी झालेली जमीन आणि मागे भंगाराचा ढीग. त्या ढिगातलं तो काहीही टाकून देत नसे. त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाचा लहान काटा दुसऱ्या घड्याळाचा होता आणि तो मोठ्या काट्याहून लांब होता, त्यामुळे नव्या माणसाला वेळ कळत नसे. त्याच्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. "दोनी डावे-उजवे बरोबर हायत," तो म्हणे, "भाऊ असायलाच पायजेत असं कुटं लिवलंय?"

एका थंडीत त्यानं आम्हां सगळ्यांना पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या शेंगा, खायला बोलावलं. वालाच्या शेंगा आल्या, भांबुर्डीचा पाला आला, मडकंच आलं नाही. त्यानं तेलाचा जुना डबा घासून घेतला, एक डोळा मिटून आत पाहिलं आणि शेंगा त्यात भरल्या. त्या शेंगांना शेवटपर्यंत ग्रीसचा मंद वास होता. आमच्या बाबांनी, जे घरच्या भाजीत मीठ कणभर कमी पडलं तरी ताट सरकवतात, त्या शेंगा पोटभर खाल्ल्या आणि वर म्हणाले, "पोरगा हिकमती आहे."

मी पेणला एका वाचनालयात काम करतो. आठवडाभर तिथेच खोलीवर असतो आणि शनिवारी घरी येतो. रविवारी सकाळी पुस्तक घेऊन त्याच्या गॅरेजवर जाऊन बसायची मला सवय होती. बसायला त्यानं मला ट्रॅक्टरची सीट एका लोखंडी नळीवर जोडून दिली होती. ती किंचित डावीकडे कलायची. तो काम करता करता विचारायचा, "मास्तर, काय चाललंय त्यात?" मी मास्तर नाही, हे सांगून मी दमलो होतो. मग मी गोष्ट सांगायचो. पुढच्या रविवारी तो बरोबर तिथूनच धरायचा. "त्या बाईचं काय झालं? तिच्या दिरानं जमिनीचं सांगितलं का तिला?" मी म्हणायचो, नाही, शेवटपर्यंत सांगितलं नाही. तो पान्याचा हात थांबवायचा. "सांगायला पायजे व्हतं," तो म्हणायचा. इतकं मन लावून ऐकणारा वाचक आमच्या वाचनालयात मला भेटलेला नाही.

माझा धाकटा भाऊ सुहास त्याच्याहून दोनेक वर्षांनी लहान. एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. दोघांची मैत्री माझ्याआधीची आणि माझ्याहून घट्ट. सुहासची मोटरसायकल साधी, तारांच्या चाकांची. त्याला बरेच दिवस हौस होती, मॅगव्हील बसवायची. ओतीव, काळी, तारा नसलेली. त्याच्या मॉडेलला ती येत नव्हती. एका रविवारी तो भंगारवाल्याकडून दुसऱ्या, मोठ्या मॉडेलची दोन चाकं घेऊन गॅरेजवर आला. मी त्या कललेल्या सीटवर होतो.

त्यानं चाक उचललं, एक डोळा मिटला, मधल्या भोकातून सुहासकडे पाहिलं.

"बसंल?" सुहासनंच विचारलं.

"तुज्या लग्नात शेरवानी बसली ना तुला? मंग ह्ये काय."

मागचं चाक पटकन बसलं. पुढच्याला वेळ लागला. एक्सल बारीक होता, चाकाचं भोक मोठं. त्यासाठी लेथवाल्याकडून मधली फट भरणारा बुश करून आणला. तेही झालं. राहिला ब्रेक. चाकाच्या आत ब्रेकची गोल प्लेट असते. तिला एक खाच असते आणि चाक धरणाऱ्या शॉकअपवर एक उंचवटा. तो उंचवटा खाचेत अडकला की प्लेट जागेवर राहते, नाहीतर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरेल, ब्रेकची तार ओढली जाईल आणि चाक जाम होईल. हे सगळं तेव्हा त्यानंच मला सांगितलं, मी विचारलं म्हणून. या प्लेटची खाच भलत्याच जागी होती.

"मग?" सुहास म्हणाला.

"मंग काय. पट्टी मारतो एक."

त्यानं लोखंडाची एक पट्टी कापली, एक टोक शॉकअपला वेल्डिंग केलं आणि दुसरं प्लेटला बोल्टनं धरलं. वर काळा रंग मारला. हातोडीनं दोनदा ठोकून पाहिलं. "आता बापजन्मात हलायची नाय." सुहास गाडी घेऊन वळसा मारून आला. चेहरा असा, की त्याच्या लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. त्या दिवशी दुपारी तो बायकोला, मनीषाला, मागे बसवून वडखळपर्यंत उगाच जाऊन आला. येताना पापड घेऊन आला, नवी चाकं लागल्याचं निमित्त म्हणून.

त्यानंतर महिनाभरानं सुहास वडखळहून परत येताना हायवेवर खांबजवळ पडला. दुसरी गाडी नव्हती. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

मी पेणहून आलो तेव्हा अंगणात माणसं होती आणि बाबांच्या शेजारी तो बसला होता. पडलेली गाडी त्यानंच टेम्पोत घालून गॅरेजवर आणली होती. पोलीस तिथेच येऊन गाडी पाहून गेले. त्यानं खांदा दिला. सुतकात आमची चूल बंद. पहिलं जेवण त्याच्या घरून आलं. बाबा जेवत नव्हते, मीही नाही. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि माझ्या हातावर ठेवला. "खा, मास्तर. बाबा तुमच्याकडं बघून खातील." त्याच्या नखांत काळं होतं. ते नेहमीच असायचं.

अंगणात लोक एकमेकांना विचारत होते, झालं कसं. मी आत होतो, पण त्याचा आवाज मला ओळखू येत होता. "वेगात व्हता," तो म्हणाला. "मी किती येळा सांगितलं त्याला."

ते वाक्य अंगणातून गावात गेलं. गावात त्याला आणखी पाय फुटले. घेतलेली असेल. बायकोनं कधी अडवलं नाही. मनीषा पाण्याला गेली की नळावर बायका एकदम गप्प व्हायच्या.

तेरावं झाल्यावर त्यानं गाडी दुरुस्त करून, धुऊन घरी आणून लावली. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो गेल्यावर मनीषा ओट्यावर आली आणि गाडीकडे बघत उभी राहिली.

"दादा," ती मला म्हणाली, "ही चाकं तारांची आहेत."

मी पाहिलं. खरंच, तारांची होती.

"त्यांची काळी होती. ते गेले त्याच्या आदल्याच दिवशी मी बसले होते मागं."

मी त्याच संध्याकाळी गॅरेजवर जाऊन विचारलं. तो कुणाची तरी चेन लावत होता. वर न बघता म्हणाला, "ती त्यानंच काढायला लावली, मास्तर. आदल्या आठवड्यात. नाय आवडली त्याला."

मी परत आलो. मी वाद घालणारा माणूस नाही. पण मनीषा खोटं बोलत नव्हती, आणि ज्याला ती चाकं आवडली नाहीत असा सुहास मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी खांबला गेलो. ज्या वळणावर तो पडला तिथे चहाची टपरी आहे. मी अपघाताचं विचारलं. टपरीवाल्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, मग बाकडं पुसलं.

"तुमचा भाऊ काय? नाय वो, वेग कसला. हळू येत व्हता. वासरू आलं आडवं, त्यानं ब्रेक मारला. तर पुडचं चाक जाग्यावर जाम. गाडी अशी उबी झाली आनि पलटी. ब्रेकनं गाडी पलटी होताना मी पयल्यांदा बघितली."

घरी येऊन मी गाडीपाशी उकिडवा बसलो. पुढच्या शॉकअपवर, जिथे त्या रविवारी पट्टी होती, तिथे काळा रंग नवा होता. बोट फिरवलं. रंगाखाली धातू खरखरीत लागला, ग्राइंडरनं घासल्यासारखा. माझ्या हातावर भाकरी ठेवणारी बोटं मला आठवली आणि मला बसवेना.

रविवारी मी गाडी ढकलत त्याच्या गॅरेजवर नेली. पुस्तक घेतलं नव्हतं. त्यानं गाडी पाहिली, मला पाहिलं, आणि हातातला पाना खाली ठेवला.

"मास्तर, मी त्याला मारलं नाय."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"पट्टी सुटली. टेम्पोतनं गाडी उतरवली आनि मला दिसलं. वेल्डिंग धरलंच नव्हतं नीट." तो थांबला. "मंग हात थांबंनात. चाकं काढली, पट्टी काढली. का ते नाय सांगता येत. पोलीस येनार व्हते."

"आणि वेगात होता, असं लोकांना सांगितलंस ते?"

छपराच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याचे पाय ऐकू येत होते.

"लोकं इचारत व्हती," तो म्हणाला. "काय तरी सांगायला लागतं."

तुम्हाला वाटेल की मी त्याला पोलिसांत न्यायला हवं होतं. माझ्या मनात ते आलं नाही असं नाही. पण त्याला तुरुंगात बघायची मला इच्छा नव्हती. वेल्डिंग कुणाचंही सुटू शकतं, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो. मला एवढंच हवं होतं, की ज्या तोंडानं 'वेगात व्हता' म्हटलं त्याच तोंडानं त्यानं ते परत घ्यावं. आमच्या घरात येऊन, बाबांसमोर, मनीषासमोर.

"घरी ये," मी म्हटलं. "बाबांना सांग. एवढंच."

त्यानं मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. "येतो. पुडच्या रविवारी येतो, मास्तर."

मी मनीषाला सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "माझ्या माहेरच्यांनाही बोलावू का? त्यांनीही ऐकू दे." मी म्हटलं, बोलाव. रविवारी तिचे आईवडील पेणहून आले. बाबांना आम्ही फक्त एवढंच सांगितलं होतं की तो येणार आहे. त्यांनी धुतलेला सदरा घातला. चहाचं आधण दोनदा ठेवलं आणि दोनदा उतरवलं. मनीषाचे वडील मधूनमधून रस्त्यापर्यंत जाऊन येत होते.

दुपार उलटल्यावर बाबाच म्हणाले, "काम आलं असेल त्याला."

मग मी सांगितलं. चाकं, पट्टी, खांबचा टपरीवाला, घासलेला शॉकअप, सगळं ओळीनं. मला वाटत होतं मी नीट सांगतोय. बाबा खाली बघून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "हे तो स्वतः म्हणाला?"

"हो."

"मग आला का नाही?"

मी रस्त्याकडे पाहिलं.

"ज्यानं माझ्या पोराला खांदा दिला, त्याच्याबद्दल असं बोलू नये," बाबा म्हणाले. "तू पुस्तकं वाचतोस, तुला सगळीकडे गोष्ट दिसते. सुहास लहानपणी सायकलसुद्धा उतारावर सोडून द्यायचा. मी ओळखतो माझ्या पोराला." आणि ते उठून आत गेले. मनीषाचे आईवडील एकमेकांकडे बघत बसले. त्यांनी कुणाचं खरं मानलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी गॅरेजवर गेलो. कुलूप होतं. आठवडाभरानंही होतं. कुणी म्हणालं सुरतेला गेला, कुणी म्हणालं महाडला मेव्हण्याकडे. भंगाराचा ढीग एका माणसानं ट्रकमध्ये भरून नेला. मी पेणला होतो, त्यामुळे त्या ढिगात दोन काळी चाकं होती की नाही, मला कळलं नाही. आता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

माझा राग कुठे जाऊन थांबतो, हे मी बरेच दिवस शोधतो आहे. पट्टीपाशी तो थांबत नाही. घासलेल्या शॉकअपपाशीही थांबत नाही. भीतीनं माणूस काय करेल सांगता येत नाही. तो त्या रविवारी आला असता तर मी बहुधा त्याच्यासाठीही चहा ओतला असता. आम्ही सगळे तिथे बसलो होतो. त्याला फक्त आमच्या अंगणापर्यंत चालत यायचं होतं.

बाबा हल्ली संध्याकाळी फाटकाशी उभे राहतात. कंपनीची शिफ्ट सुटली की तरुण पोरं मोटरसायकलींवरून जातात. बाबा हात वर करून एखाद्याला थांबवतात. पोरं थांबतात, बाबांना सगळे ओळखतात.

"सावकाश जा रे," बाबा सांगतात. "आमचा सुहास वेगानं गेला. तुमच्या घरी वाट बघतात."

"व्हय, बाबा," पोरं म्हणतात, आणि खरोखर हळू जातात.

शिफ्ट सुटायच्या सुमाराला मनीषा स्वयंपाकघराची रस्त्याकडची खिडकी लावून घेते.