सोनबाचा अंगठा

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात हिंदुराव बाटल्या धुवायचा, पण जेवणाच्या सुट्टीत तोच आमचा साहेब. कुणालाही गड्डीतल्या एका पत्त्यावर सही करायला लावायचा आणि तोच पत्ता भलत्याच ठिकाणाहून काढून दाखवायचा. मी हा खेळ पन्नासदा तरी पाहिला; हातचलाखी एकदाही सापडली नाही. अजून चिडतो मी.

छप्पन साली एका दुपारी त्यानं बदामाची सत्ती सोनबापुढं धरली. सोनबा कारखान्यात माळीकाम करायचा. कारखान्याखालची जमीन पूर्वी त्याचीच होती.

"सही येत न्हाई," सोनबा म्हणाला, "आन् अंगठा मी आता कशावर देत न्हाई. एकदा दिला, रान गेलं."

एक शहाणा हसला. त्याला मी तिथंच झापलं.

हिंदुराव म्हणाला, "आबा, ह्यो अंगठा तुमास्नी परत देतो. शब्द हाय माजा."

टाइमकीपरकडून शाईचं पॅड आणलं. बराच वेळ थांबून सोनबानं अंगठा उठवला. हिंदुरावनं सत्ती गड्डीत घातली, गड्डी पिसली आणि सगळे पत्ते टेबलावर पसरले. सत्ती नव्हती.

"बगा, गेला," सोनबा म्हणाला.

"कमरंची चंची सोडा, आबा."

सोनबानं पान-तंबाखूची चंची उलगडली. सुपारीखाली सत्ती होती. आम्ही डबे बडवून कँटीन डोक्यावर घेतलं. सोनबा मात्र आपला अंगठा ठशाशी ताडून बघत होता. मग तो ताडकन उठला आणि पत्ता उंच धरून ओरडला,

"माजाच हाय! परत आला!"