पत्रा आणि हातमोजे

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना उद्योजकता शिकवायची, असं प्राचार्यांनी मला सांगितलं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरात सगळे नोकरदार. मी आयुष्यात साधी सुईसुद्धा विकली नव्हती. टिपणं काढून दोन आठवडे कसेबसे रेटले. तिसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः कधी काही विकलंय?"

"नाही," मी म्हणाले.

हे विद्यार्थी अभ्यासाचा भाग म्हणून पिंपरीजवळच्या चिखलीत वस्तीवर कामाला जायचे. तिथे काही बायका घरी शिलाई करत. कारखान्यांना लागणारे हातमोजे त्यांनी शिवावेत, असं त्याच मुलीने सुचवलं. जाड कापडाचे चार जोड तयार झाले, ते घेऊन आम्ही दोघी पिंपरीतल्या एका कारखान्यात गेलो. गेटवर वॉचमनच्या वहीत नाव लिहिलं.

खरेदीच्या साहेबांनी मोजे उलटेपालटे करून पाहिले आणि एका कामगाराला बोलावलं. "घाल, आणि तो पत्रा उचल."

पत्र्याची कड सुरीसारखी होती. त्याने उचलला आणि अंगठ्याजवळची शिवण टर्रकन उसवली. आत रक्ताची बारीक रेघ उमटली. आपण याचा हात घालवला, एवढंच डोक्यात. तोच मला धीर देत म्हणाला, "खरचटलंय नुसतं, बाई. शिवण दुहेरी मारा, अन् अंगठ्याला आतून कापड लावा."

चिखलीत हे सांगायचीही धास्ती वाटली. पण शिवणाऱ्यांतल्या थोरल्या बाईंनी मोजा हातात घेऊन विचारलं, "त्याला लई लागलं न्हाई ना?" आणि तिथंच उसवायला बसल्या.

पुढच्या आठवड्यात दुहेरी शिवणीचे मोजे घेऊन पुन्हा गेलो. साहेब कामगाराला हाक मारणार, तोच मी म्हणाले, "आज मी उचलते."

त्या मुलीने माझा पदर ओढला. मी मोजे घातले. डोळे मिटून पत्रा कमरेपर्यंत उचलला.

"ठेवा खाली," साहेब म्हणाले. शिवण शाबूत होती. पन्नास जोडांची ऑर्डर मिळाली.

माल पोचवायला थोरल्या बाई स्वतः आल्या आणि साहेबांशी त्याच बोलल्या. मी शेजारी बसून होते. साहेब त्यांना काही लागट बोलतील, या भीतीने मला मान वर करवेना. ते तसं काही बोलले नाहीत. पुढच्या खेपेची तारीख विचारली, आणि बाईंनी ती सांगितली.