माळाला वाफसा लवकर येतो

माझं माहेर निफाडकडचं. तिकडची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडत की आम्ही पोरं त्यांत काटक्या सोडून तळाला लागतात का ते बघायचो, आणि पावसाळ्यात शेतातून आलं की दारात बसून तळव्यांचा चिखल खापरानं खरवडावा लागायचा. जमीन म्हणजे अशीच, हे माझ्या मनात पक्कं बसलेलं. त्यामुळे लग्नानंतर कळवणजवळच्या सासरच्या गावी आमचा माळ पहिल्यांदा बघितला, तेव्हा मला ती जमीन वाटलीच नाही. उंचावर, थोडा उतार असलेला, नुसतं गवत.

माझे यजमान मनमाडला रेल्वेत नोकरीला होते, मी शाळेत शिकवायची आणि आम्ही राहायचो पंचवटीत. शेती बघायचे धाकटे दीर. म्हणून वाटणीच्या वेळी सपाटीवरची काळी जमीन त्यांना आणि रस्त्याच्या वरच्या अंगाचा माळ आम्हाला, असं दोघा भावांनी चहा पिता पिता ठरवून टाकलं. कुणालाच त्यात काही खुपलं नाही. माळावर दिरांची गुरं चरायची, दिवाळीनंतर गवत कापलं जायचं. तिथं नांगर कधी लागलाच नाही.

आम्ही दोघंही निवृत्त झालो आणि यजमानांना माळाचं काहीतरी करावंसं वाटायला लागलं. डाळिंब लावू म्हणाले. दीर हसले.

"दादा, ती जमीन हाय का चाळण? पाणी टाकलं की गायब. आधी धरणातला गाळ आणून वरनं पसरू, मग काय ते लाव. मी ट्रॅक्टर बघतो."

यजमानांना ते पटलं. मला मात्र का कोण जाणे, आधी ती माती नीट बघावीशी वाटली. गवतात हातभर खड्डा करायला घेतला. कुदळ मारायला मुळीच जोर लागला नाही. वरचा वीतभर थर तपकिरी, भुसभुशीत, गवताच्या बारीक मुळांनी विणल्यासारखा. एक ढेप उचलून झटकली तर मुळं हातात राहिली आणि माती रव्यासारखी गळून पडली. खाली रंग फिकट होत गेला, पिवळसर लाल, आणि वाळू वाढत गेली. मुळं मात्र तिथंही पोचलेली होती. बाटलीतलं पाणी घालून मूठभर माती मळली. तिचा गोळा झाला, पण लाडूसारखा उचलून बोटानं टोचला तर फुटला. निफाडच्या मातीचे आम्ही बैल करायचो. हिचा साधा उंदीरसुद्धा झाला नसता.

"बघितलंस ना?" यजमान म्हणाले. "यात काय टिकणार?"

"गवत टिकलंय की इतकी वर्षं," मी म्हटलं. "अहो, एक पावसाळा थांबू. घाई कुणाला आहे?"

तो पावसाळा आम्ही जवळजवळ सगळा गावीच काढला. सकाळी पाऊस उघडला की मी माळावर चक्कर मारायची. खाली दिरांच्या शेतात चार-चार दिवस पाय घालता यायचा नाही. त्यांचा सारा वेळ वाफसा येण्याची वाट बघण्यात जायचा. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, अशी ती अवस्था आली की मगच निंदणी, कोळपणी. माळावर वाफसा दुसऱ्या दिवशीच हजर. चपला स्वच्छ राहायच्या. दगड उलटा केला की खाली गांडुळांची मऊ विष्ठा, दाणेदार. पावसाचं पाणी वरून वाहून जाताना मला कधी दिसलं नाही, ते जागच्या जागी मुरायचं. मारवेल गवत गुडघ्यापर्यंत वाढलं, पवन्याला तुरे आले, साडीच्या काठाला कुसळं चिकटून घरी यायला लागली.

सगळंच गोड होतं असं नाही. पावसानं ताण दिला की माळ सगळ्यांत आधी मान टाकायचा. एका कोपऱ्यात यजमानांनी हौसेनं शेणखत घालून भाजी लावली, तर खताचा सारा कस पाण्याबरोबर खाली गेला आणि भेंडी पिवळी पडली. "चाळण," दीर तेवढंच म्हणाले. आणि गाळाचं हिवाळ्यात बघू, मग उन्हाळ्यात बघू, असं करता करता पुतणीचं लग्न ठरलं.

मुलगा सटाण्याकडचा. लग्न आपल्याच दारात करायचं, असा दिरांचा आग्रह. घरासमोरचा कांदा काढून झाला होता. ते रान सपाट करून, पाणी मारून, रोलर फिरवून त्यांनी अंगणासारखं केलं. त्यावर मोठा मांडव पडला. हळदीच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि ऐन चैत्रात असा पाऊस कोसळला की मांडवाची झालर तुटून विहिरीकडे गेली. अंगाला हळद लागलेली पुतणी ओसरीत उभी राहून बघत होती.

पाऊस थांबल्यावर रानात उतरलो तर पाय घोट्याच्या वर गेला. आचाऱ्यांच्या भट्ट्या एका बाजूला कलल्या होत्या. सामानाचा टेम्पो चाकं फिरवून फिरवून आणखीच खाली बसला. दीर मांडवाच्या खांबाला धरून उभे होते.

"वहिनी, उद्या दुपारी वऱ्हाड येणार," ते म्हणाले. "हा गारा आठ दिवस नाय सुकायचा."

यजमान रस्त्याकडे चालायला लागले. मी मागोमाग गेले. माळावर गवताची खुंटं ओली होती, बाकी काही नाही. यजमानांनी टाच आपटून बघितली, मग दोन्ही पायांनी उडी मारली. सत्तरीकडे झुकलेला माणूस माळावर उड्या मारतोय, हे बघून मला हसू आवरेना.

"हसतेस काय? जा, सांग त्याला," ते म्हणाले. "मांडव इथं आणा."

गावातली माणसं जमली. खांब, कनाती, खुर्च्या, भांडी, सगळं डोक्यावरून आणि खांद्यावरून वर आलं. आचाऱ्यानं भट्टीसाठी जमीन उकरून बघितली आणि म्हणाला, "इथं खाली चिखलच नाही की!" अंधार पडायच्या आत मांडव उभा होता. खुंटं टोचू नयेत म्हणून बायकांनी बसायच्या जागी सतरंज्यांखाली गवताच्या पेंढ्या सोडून पसरल्या, त्याच माळावरून कापलेल्या.

सकाळी आणखी एक सर येऊन गेली. सगळ्यांचे चेहरे उतरले. पण नाश्ता उरकेपर्यंत माळ पुन्हा चालण्याजोगा झाला होता. वऱ्हाडाच्या गाड्या सरळ वर आल्या. नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत उतरले, काठी रुतत नाही हे बघून चहूकडे नजर फिरवली आणि आपल्या बोलीत मोठ्यानं म्हणाले, "जागा झकास शे!" दिरांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन वऱ्हाडाला पाणी द्यायला वळले. अक्षता पडल्या तेव्हा खाली गिरणा नदीपर्यंतचं सगळं धुतलेलं खोरं दिसत होतं. पुतणी नंतर माझ्या कानाशी म्हणाली, "मोठी आई, बरं झालं पाऊस आला."

लग्नानंतर माळाची पार दशा झाली होती. खांबांची भोकं, भट्ट्यांचे काळे डाग, तुडवलेलं गवत. दोन पावसांत ते सगळं भरून आलं, भट्टीच्या जागा तेवढ्या वर्षभर उघड्या राहिल्या. गाळाचा विषय दिरांनी परत काढला नाही. श्रावणात मात्र एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "दादा, माझी कांदा साठवायची चाळ खाली हाय. बुडाला ओल लागून दरवर्षी कांदा सडतो. तुझ्या माळाच्या कडेला बांधली तर चालेल का?"

"विचारतोस काय? बांध की," यजमान म्हणाले.

चाळ झाली. कांदा दिवाळीपर्यंत खणखणीत राहतो. डाळिंबाचं मी बोलत नाही आणि यजमानही काढत नाहीत. बाकीचं गवत तसंच ठेवलंय. यंदा चाळीच्या मागे आम्ही थोडा भुईमूग लावला होता. काढणीला मी, जाऊ आणि माहेरी आलेली पुतणी, तिघी बसलो. वेल धरून ओढला की आख्खा घोस वर यायचा, एक शेंग तुटून मागे राहायची नाही, आणि जरा हलवलं की माती झरझर खाली. धुवायचं कामच नाही. जाऊबाईंनी तिथंच काटक्या पेटवून शेंगा भाजल्या. दीर आणि यजमान चाळीच्या सावलीत बसून कांद्याच्या भावावरून वाद घालत होते. आम्ही त्यांना हाक मारली, पण गरम गरम पहिल्या शेंगा आमच्याच पदरात पडल्या.