बांबू माझ्या हातात, आवाज त्यांच्या कानात

मी हेडफोन कानाला लावला. एकदाच. वायरलेसच्या आपरेटरनं तो हिसकावला, राकेलच्या बोळ्यानं पुसला आणि बोळा माझ्या पायाशी टाकला. म्हणाला, "तुजं काम छपरावर. आत पाय घालू नको."

नामांतराच्या दंग्यानंतरची सालं. गंगाखेडच्या खाली, गोदेकाठी आमचं गाव. गावाचा आमच्या बौद्धवाड्यावर बहिष्कार. पण पावसाळ्यात शाळेत पुराची खबर देणारा वायरलेस बसायचा आणि ओल्या छपरावर चढायला कुणी तयार नसायचं. म्हणून मी.

छपराच्या दोन टोकांना दोन बांबू, दोन्हींवर तारा. एका तारेवर आवाज मेला तर दुसरीवर सापडायचा. बांबू मी फिरवायचो. पण मला काही ऐकू यायचं नाही. आपरेटर आतून ओरडायचा, "हां", नाहीतर "न्हाई". तेवढ्यावर अंदाज बांधायचा. लय बरोबर बांधायचो.

त्या दुपारी पाऊस थांबंना. "न्हाई. न्हाई. हां. तसंच धर, हलू नको."

मी विचारलं, "काय म्हनलं, मालक?"

"तुला काय करायचंय? धर."

धरला. तासभर धरला. शाळेतून निघालेला पाटलाचा गडी छत्री घेऊन मळ्याकडं पळताना दिसला. त्यानं गोठ्यातली जनावरं सोडली, वर नेली. मला वाटलं, पावसामुळं.

निरोप मागाहून कळला. धरणाचं पाणी सोडलंय, नदीकाठ रिकामा करा. माझ्याच बांबूतून आलेला. बैलांना कळला. मला न्हाई.

छपरावरून पाणी चढताना दिसलं. उतरून धावलो तवा बौद्धवाड्यात गळ्याएवढं पाणी. माझी बायको सुमन तापानं पडलेली. शेजारीण तिला ओढत होती. सुमन म्हणाली, "ते येतील न्यायला." म्हणून थांबली. तिसऱ्या दिवशी बाभळीत सापडली.

चौथ्या दिवशी आपरेटर वाड्याच्या तोंडाशी आला. "चल रे, आवाज येईना."

मी शाळेत गेलो. छपराकडं न्हाई, आत. त्याच्या खुर्चीत बसलो. हेडफोन कानाला लावला. नुसती खरखर.

म्हणालो, "पुसायचा तर नंतर पूस. मी ऐकल्याबिगर आता बांबू हलणार न्हाई."

मार बसला. उठलो न्हाई.

आता म्हातारा झालोय. तो तास हातातून सुटत नाही. तेव्हाच बांबू टाकून पळालो असतो तर. रोज तेच.

पण अजून कुणी म्हणालं, नुसतं धर, तर आधी विचारतो, काय आलंय ते सांग. सांगितलं न्हाई, तर हात सोडतो.